एका गादीवरचे दोघे

निवृत्त झाल्यावर आठ महिने मी घरी बसले. चिंचवडच्या एका खासगी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून उभी होते, त्यामुळे बसायचं कसं हेच मला येत नव्हतं. पुनावळ्यातला आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. नवरा कंपनीतून सुटलेला, दिवसभर टीव्ही लावून बसायचा. मी घासून झालेली भांडी परत घासायची. मग जुन्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "पिंपरीला एक काम आहे. कंत्राटी आहे, पण खुर्चीवर बसून करायचं. डॉक्टरांचं अक्षर वाचता येणारी बाई हवी आहे त्यांना."

काम मृत्यूच्या कारणांचं होतं. माणूस गेला की डॉक्टर एक फॉर्म भरतात. वरच्या ओळीत लिहायचं, शेवटी काय झालं. खालच्या ओळीत, ते कशामुळे झालं. आणि त्याच्याही खाली, या सगळ्याची सुरुवात कुठून झाली. हे फॉर्म स्कॅन होऊन आमच्या ऑफिसात यायचे. मशीन ते वाचायचं आणि मूळ कारण शोधून त्याला एक कोड लावायचं. एक अक्षर आणि पुढे दोन-तीन आकडे. मधुमेहाचा वेगळा, टीबीचा वेगळा, साप चावल्याचा वेगळा, शिडीवरून पडल्याचा वेगळा. पूर्वी हे काम माणसं जाडजूड पुस्तकं उघडून करायची. मशीनला एका फॉर्मला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नसे.

मशीनला जे जमत नाही ते करायला आम्ही चौघीजणी होतो. रोज सकाळी स्क्रीनवर एक यादी यायची, मशीननं परत टाकलेल्या फॉर्मची. तिला आम्ही लाल यादी म्हणायचो. कुठे अक्षर लागत नसे, कुठे बाईच्या फॉर्मवर पुरुषाचा आजार लिहिलेला असे. पण सगळ्यात जास्त काय यायचं, तर 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू'. खालच्या दोन्ही ओळी कोऱ्या. मशीन याला कारणच मानत नाही. खरंही आहे, हृदय मरताना सगळ्यांचंच बंद पडतं. पण मला त्या डॉक्टरांचा राग येत नसे. असे फॉर्म मी स्वतः तीस वर्षं सहीसाठी त्यांच्यापुढे धरले होते. ड्यूटी संपत आलेली, नातेवाईक दारात ताटकळलेले, शववाहिका खाली हॉर्न वाजवतेय, अशा वेळी तीन ओळी कोण भरत बसतो?

तर अशा डॉक्टरांना फोन करून विचारायचं, खालच्या ओळींत काय लिहू. काही सांगायचे. काही म्हणायचे, "तुम्हीच लिहा काहीतरी." काही फोनच उचलायचे नाहीत. डॉक्टरांकडून उत्तर मिळालं नाही तर घरभेट. एक टॅबलेट बरोबर न्यायचा, त्यात प्रश्नांची यादी असायची. ताप होता का, खोकला होता का, किती दिवस होता, पायावर सूज होती का. घरच्यांनी हो म्हटलं की हो वर बोट, नाही म्हटलं की नाही वर बोट. ती उत्तरं डॉक्टरांना दाखवायची, आणि त्यांनी फॉर्म नव्यानं भरून दिला की तो परत मशीनकडे. बसून करायचं काम म्हणून मी आले होते, पण घरभेटी माझ्याच वाट्याला यायच्या. बाकीच्या तिघी तरुण होत्या, त्यांना शोकातल्या घरात जायची भीती वाटायची. मला भीती नव्हती, नुसता कंटाळा होता. पायऱ्या चढायचा कंटाळा, आणि दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर 'आता आणखी कोण' असं जे उमटतं, त्याचा कंटाळा.

ज्याची ही गोष्ट, त्याचा फॉर्म आला तेव्हा पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं. पुरुष, वय अडतीस. पत्ता चाकणजवळच्या एका गावातल्या भाड्याच्या खोलीचा. कारण, 'झोपेत हृदयक्रिया बंद पडल्याने'. मी डॉक्टरांना फोन लावला. मागे पेशंटांचा गलका ऐकू येत होता.

"सिस्टर, दोनदा आला होता माझ्याकडे खोकल्यासाठी. औषध दिलं. त्या दिवशी सकाळी बोलावलं म्हणून गेलो, तर संपलेला होता. अजून काय लिहू?"

"अडतीस वय आहे सर. दारू, साखर, ब्लडप्रेशर, काही?"

"मला माहीत नाही. खोलीवर जाऊन विचारा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचे साहेब माझ्या मुलापेक्षाही लहान. वाकडला राहायचे, कॉम्प्युटरचं शिकलेले, स्वभावानं गरीब. त्यांना मी सर म्हणायचे आणि ते मला सिस्टर म्हणायचे. म्हणाले, "जाऊन या सिस्टर. पण एका केसवर फार दिवस घालवू नका. वरून विचारतात."

भल्या सकाळी निघाले, दोन बस बदलल्या. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आडवे झालेले, बस तासभर हलली नाही. पुढे शेअर रिक्षा केली. गावात पूर्वी शेतं असतील, आता तिथे तीन मजली खोल्यांच्या ओळी होत्या. प्रत्येक दारासमोर सेफ्टी बूट आणि दोरीवर कंपनीचे शर्ट. मालकीण खालीच भेटली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. मी कशाला आले ते सांगितल्यावर ती घाबरली.

"आमी काय केलं न्हाई बाई. भाडं घेतो आन् पानी देतो. मानूस कसा हुता ते त्या दुसऱ्याला इचारा. वर हाय, आत्ताच पाळीवरनं आलाय."

वर, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत, त्याचा रूम-पार्टनर होता. पस्तिशीचा असेल. जतकडचा. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, अजून अंघोळही केलेली नव्हती. मला बसायला त्यानं पाण्याचा कॅन उलटा करून दिला, त्यावर टॉवेल अंथरला. खोलीत एक गादी, एक गॅस, दोन पिशव्या, खिळ्याला अडकवलेला आरसा. गादी एकच होती.

मी प्रश्न सुरू केले.

"त्यांना ताप यायचा का?"

"माहीत न्हाई मॅडम."

"झोपेत घाम यायचा? धाप लागायची?"

"माहीत न्हाई."

"जेवण कमी झालं होतं?"

"ते पण माहीत न्हाई."

असे दहा-बारा प्रश्न झाले आणि मी वैतागले. म्हटलं, "अहो, दोन वर्षं एका खोलीत राहत होता ना तुम्ही?"

तो खाली बघत म्हणाला, "व्हय मॅडम. पण तो दिवसपाळी, मी रात्रपाळी. बारा बारा तासांची. मी साडेआठला यायचो तेव्हा तो गेलेला असायचा. तो यायच्या आत मी निघालेला असायचो. कधी जिन्यात गाठ पडली तर पडली. रविवारी त्याची सुट्टी, तर मी पलीकडच्या पोरांच्या खोलीत झोपायचो. गुरुवारी माझी सुट्टी, मी निगडीला मावसभावाकडं जायचो. गादी एक हाय म्हणून." मग म्हणाला, "एका गादीवर झोपायचो आमी. पण त्याला झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बगितलं."

मी त्याला त्या दिवसाचं विचारलं. तो साडेआठला आला तर दाराला आतून कडी होती. त्याला वाटलं, आज दांडी मारली. हाका मारल्या, दार वाजवलं. शेवटी मालकिणीच्या मुलानं खांदा देऊन कडी तोडली. डॉक्टरांना बोलावलं, ते ओळखीचे, पेशंट दोनदा येऊन गेलेला, त्यांनी दाखला दिला. रात्री उशिरा गावाकडचे लोक गाडी करून आले आणि घेऊन गेले. तो परभणीकडचा होता. लग्न झालं नव्हतं. गावाला एकटी आई.

मी टॅबलेट पिशवीत ठेवला. एकूण एक उत्तर 'माहीत नाही'. हे घेऊन डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ नव्हता. उठताना गुडघा कटकन वाजला, म्हणून भिंतीला हात लावला, तेवढ्यात मालकीण दारात येऊन उभी राहिली.

"भिंत बगा बाई, ह्या दोगांनी कशी केलीया. डिस्टेंपर हाय हा. असलं तेलकट काय निघत न्हाई."

भिंतीवर तेलाचा डाग होता. डोक्याला लावतात त्या तेलाचा, पिवळट, ताटलीएवढा. गादीच्या उशाशी असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण तो जमिनीपासून चांगला अडीच-तीन फूट वर होता. मी पार्टनरला विचारलं, "हा डाग तुमचा का?"

"न्हाई. मी तेल लावत न्हाई. आन् मी पडल्या पडल्या झोपतो मॅडम, मला टेकून बसायला कुठं वेळ."

"त्या दिवशी ते कसे होते? आडवे होते का?"

त्यानं मान हलवली. "बसलेला हुता. भिंतीला टेकून. पाठीमागं कपड्याची पिशवी लावलेली. मला आधी वाटलं जागा हाय."

फॉर्मवर लिहिलं होतं, झोपेत. झोपेतच असेल, पण बसून. वॉर्डात मी अशी किती माणसं पाहिली असतील. आडवं केलं की छातीत पाणी चढल्यासारखं होतं, गुदमरतात, मग पाठीला तीन तीन उशा लावून बसल्या बसल्या डुलक्या घेतात. मी परत त्या कॅनवर बसले. या वेळी मी त्याच्याबद्दल विचारणं सोडून दिलं. खोलीबद्दल विचारायला लागले.

"ही पिशवी पाठीशी कधीपासून असायची?"

तो आठवू लागला. आखाडात असेल, सकाळी गादीवर पडताना पिशवी भिंतीशी उभी केलेली दिसायला लागली. तो ती बाजूला सारायचा, दुसऱ्या दिवशी परत तिथेच. उशी दमट असायची. एकदा वैतागून त्यानं ती गच्चीवर उन्हात टाकली होती.

"आणि बूट? त्यांचे बूट?"

"बूट?" तो थबकला. "बुटाच्या नाड्या काढून टाकल्या हुत्या त्यानं. जिन्यात भेटला तवा मी म्हणलं, भावा, सुपरवायझर बोलंल. तर म्हणला, घट्ट होत्यात."

"पाणी कोण भरायचं?"

पाण्याचा नळ खाली होता. दोघांत ठरलेलं होतं, दिवसपाळीवाल्यानं आल्यावर दोन कॅन भरून वर आणून ठेवायचे, सकाळी रात्रपाळीवाल्याला अंघोळीला लागतात. पहिलं दीड वर्ष कॅन काठोकाठ भरलेले असायचे. मग अर्धे दिसायला लागले. मग एकच, तोही अर्धा.

"मी चिठ्ठी लिवून ठेवली हुती मॅडम," तो म्हणाला. "पाणी भरत जा, मी काय तुझा नोकर न्हाई, असं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅन भरलेले हुते."

मालकीण दारातच उभी होती. हे ऐकून ती खाली गेली आणि चहा घेऊन आली. पार्टनरनं चहा घेतला नाही, त्याला झोपायचं होतं म्हणाला. मी निघताना त्यानं मला गेलेल्याच्या आईचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी त्या आईला फोन केला. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, तो फोन करायला नको होता, किंवा वेगळ्या तऱ्हेनं करायला हवा होता. हृदय दुबळं झालं होतं इतपत मला कळलं होतं. पण अडतीसच्या माणसाचं हृदय उगाच दुबळं होत नाही. नुसतं 'हृदय दुबळं' लिहिलं की मशीन ते घेतं, पण त्याला अर्धवट कारण म्हणतं. मला मूळ हवं होतं, आणि काय असू शकेल याचा अंदाज मला होता. लहानपणी सांधे सुजवणारा एक ताप येतो, तो पुढे हृदयाच्या झडपा खराब करतो, हे मी वॉर्डात पाहिलेलं होतं. म्हणून मी सरळ विचारलं.

"मावशी, तुमच्या मुलाला लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

"आला व्हता की," ती लगेच म्हणाली. आवाज म्हातारा, पण स्पष्ट. "धा-अकरा वर्साचं व्हतं लेकरू. आज हा गुडगा सुजायचा, उद्या तो. मांडीवर घेऊन बसायचे मी. तालुक्याच्या डाक्टरनं सुया सांगितल्या व्हत्या. दर एकवीस दिसाला एक."

"किती दिवस दिल्या?"

"दोन वर्सं दिल्या असतील. मंग बरं झालं. पळाय लागलं, झाडावर चढाय लागलं. येष्टीनं जायचं, दिसभर मोडायचा, आन् लेकरू रडायचं सुईला. लई दुखायची ती सुई. मंग बंद केल्या."

मी लिहून घेत होते. हातातलं पेन चाललं होतं म्हणून माझ्या लक्षात आलं नाही की पलीकडे शांत झालंय.

"बाई," ती म्हणाली, "तुमी हे काऊन इचारता? त्या सुया बंद केल्या म्हणून गेलं का माझं लेकरू?"

तीस वर्षांत नातेवाइकांना मी असंख्य उत्तरं दिली आहेत. खोटंही बोलले आहे, गरज पडली तेव्हा, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. त्या क्षणी ओठांवर 'नाही' आलंच होतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनीच बंद करायला सांगितल्या असतील ना?"

"न्हाई. आमीच केल्या."

मग मला खोटं बोलवेना. मी म्हणाले, "मावशी, त्या सुया पुष्कळ वर्षं घ्यायच्या असतात. बरं वाटलं तरी घ्यायच्या असतात. हे तुम्हाला तेव्हा कुणीतरी बसवून समजावून सांगायला हवं होतं. ते आमचं काम होतं, दवाखान्यातल्यांचं. तुमची चूक नाही."

पलीकडे कुठेतरी शेळी ओरडत होती, कुणीतरी तिला हाकलत होतं.

"मंग आता सांगितलं, त्याचा उपेग काय?" ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी फोन कानाला धरून नुसती बसले. शेवटी आईच म्हणाली, "दारू पिऊन मेला म्हणत्यात गावात. काईबाई खाल्लं, असं बी म्हणत्यात. तसं न्हाई ना?"

"नाही. तसं मुळीच नाही."

"मंग तेवढं कागदावर लिहून द्या. माझ्यानं सगळ्यायला सांगणं व्हत न्हाई. कागद दाखवीन."

मी पाठवते म्हणाले. फोन ठेवल्यावर आठवलं, लोकांना मिळतो त्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असतं, कारण नसतं. आमच्या ऑफिसातून असा कागद कुणाला द्यायची सोय नव्हती. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "आपण नाही देऊ शकत, सिस्टर. आपल्याकडचं सगळं गोपनीय." हे त्यांनी वाईट वाटून सांगितलं, आणि लगेच विचारलं, "ती केस किती दिवसांची झाली?"

शनिवारी मी परत चाकणला गेले, या वेळी डॉक्टरांकडे. दवाखान्यात बाकड्यांवर जागा नव्हती, लोक बाहेर मोटारसायकलींवर बसलेले. दीड तासानं मला आत बोलावलं. फोनवर तुटक वाटलेला माणूस समोर बघितला तर थकलेला, माझ्याच वयाचा, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. मी सगळं सांगितलं. भिंतीवरचा डाग, पाठीशी लावलेली पिशवी, बिननाडीचे बूट, पाण्याचे कॅन, आईनं सांगितलेल्या सुया. मग त्यांनी रजिस्टर काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं. दोन नोंदी होत्या. दोन्ही ठिकाणी खोकला. दुसऱ्या ठिकाणी पुढे लिहिलेलं, चढताना दम.

"दम लिहिलाय मी," ते म्हणाले. "म्हणजे त्यानं सांगितलं होतं. छातीला स्टेथो लावला की नाही, तेच आठवत नाहीये सिस्टर."

मी म्हणाले, "एवढ्या गर्दीत..."

"नाही, असू दे," ते म्हणाले. "गर्दी रोजच असते."

त्यांनी नवा फॉर्म घेतला आणि तिन्ही ओळी भरल्या. वरती, हृदय दुबळं होऊन मृत्यू. त्याखाली, हृदयाच्या झडपेचा आजार. त्याखाली, लहानपणीचा सांध्यांचा ताप. शेवटच्या दोन्ही ओळींच्या आधी त्यांनी इंग्रजीत 'प्रॉबेबली' लिहिलं, बहुधा. "ना इको झालाय, ना पोस्टमॉर्टेम," ते म्हणाले. "मी छातीठोक कसं लिहू?"

मग मी आईच्या कागदाबद्दल विचारलं. मला वाटलं नाही म्हणतील. पण त्यांनी आपलं लेटरहेड ओढलं आणि मराठीत चार ओळी लिहिल्या. मुलाला लहानपणापासून हृदयाचा आजार असावा, त्यातूनच त्याचा मृत्यू झाल्याचं दिसतं, दारू किंवा विषारी पदार्थाची कसलीही खूण तपासताना आढळली नव्हती. सही केली, शिक्का मारला. बाहेर पेशंट दार ढकलत होते. मी निघाले तेव्हा ते पुढच्या बाईला विचारत होते, "जिना चढताना दम लागतो का?" ती बाई तर पोटदुखीसाठी आलेली होती.

कागद मी खोलीवर नेऊन पार्टनरला दिला. तो म्हणाला, पोस्टानं नको, मीच नेऊन देतो. दिवाळीत सुट्टी मिळाल्यावर तो आधी परभणीला गेला आणि मग जतला, हा केवढा उलटा रस्ता आहे हे नकाशा बघितल्याशिवाय कळायचं नाही. जतहून त्यानं मला फोन केला होता. आईनं कागद घडी घालून देवाजवळ ठेवला म्हणाला. वाचता येत नाही तिला, पण येईल त्याला वाचायला देते. त्याला तिनं जेवू घातलं, आणि विचारलं, शेवटी शेवटी काय खायचा रे तो, काय आवडायचं.

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मला कुठं माहीत, मॅडम. मी म्हणलं, चांगला जेवायचा. तुमच्या हातच्या भाकरीची आठवण काढायचा." मग त्यानं विचारलं, "चाललं ना?"

"चाललं," मी म्हणाले.

तो नवा फॉर्म मी त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच मशीनला दिला होता. डोळ्यासमोर कोड उमटला, लाल रंग गेला, हिरवा आला. 'बहुधा' हा शब्द मशीननं वाचलाच नाही. तसा नियमच आहे, जुन्या पुस्तकांपासूनचा. डॉक्टरांनी बहुधा लिहिलं, वाटतं लिहिलं, शक्यता लिहिली, तरी कोड लावताना ते शब्द सोडून द्यायचे. नियम मला पाठ होता, रोज वापरत होते. पण त्या दिवशी मी त्या हिरव्या चौकटीकडे बघत राहिले. तीन माणसांनी जेवढं आठवलं आणि एका भिंतीवर जेवढं राहिलं, त्याच्या जोरावर आम्ही अंदाज बांधला होता, आणि आता तो अंदाज राहिला नव्हता. तो आता कुठल्यातरी तक्त्यात पक्का होऊन बसला होता. माझा अंदाज चुकला असेल तर? आईला तर मी सांगून बसले होते. या प्रश्नाचं मी काहीच केलं नाही. पुढचा फॉर्म उघडला, त्यावर परत 'हृदयक्रिया बंद पडल्याने'.

हिवाळ्यात मी अशा आणखी पुष्कळ घरभेटी केल्या. चऱ्होलीला नव्या इमारतीत एका आजोबांच्या सुनेनं मला अर्धा तास दारातच उभं ठेवलं. एका ठिकाणी तिघे भाऊ तीन वेगवेगळे आजार सांगत होते आणि माझ्यासमोरच भांडले. बऱ्याच ठिकाणी खोलीला कुलूप असायचं, माणसं गाव सोडून गेलेली. कुठलीच पुन्हा इतकी खोल गेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी जाऊ दिली नाही. 'माहीत नाही' वर बोट ठेवून परत यायचे.

मग एका सोमवारी साहेबांनी आम्हा चौघींना बोलावलं. म्हणाले, मशीनची नवी आवृत्ती आली आहे. आता लाल यादी जवळजवळ बंद होईल. ज्या फॉर्मवर कारण अपुरं असेल, तिथे मशीन वय, स्त्री की पुरुष, भाग कोणता, हे बघून असल्या मृत्यूंची कारणं सहसा काय असतात त्या हिशेबानं आपलं आपण वाटून टाकेल. इतके हृदयाचे, इतके फुप्फुसाचे, इतके साखरेचे.

मी विचारलं, "म्हणजे फोन नाही? घरभेट नाही?"

"नाही, सिस्टर. तुमचे गुडघे सुटले," ते हसून म्हणाले. त्यांना खरंच माझ्यासाठी बरं वाटलं होतं.

"पण एकेका माणसाचं कारण..."

"एकेकाचं चुकेल," ते म्हणाले. "पण सगळ्यांचं मिळून बरोबर येतं."

ते खोटं नव्हतं. मी मान हलवली. बाकीच्या तिघींपैकी दोघींना महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं. मला ठेवलं, औषधांच्या आणि आजारांच्या नावांचं स्पेलिंग तपासायला. आणि लपवत नाही, मला हायसं वाटलं. तळेगाव चौक नको, जिने नकोत, दार उघडणाऱ्याचा तो चेहरा नको. फोनवर कुणी म्हातारी विचारणार नाही की त्याचा उपयोग काय.

त्या दिवशी पाचलाच सुटले. बस रिकामी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. पुनावळ्याला उतरून मेथीची जुडी घेतली. नवऱ्यानं दार उघडलं, मी चप्पल काढायला स्टुलावर बसले तर त्यानं विचारलं, "आज लवकर?"

"काम हलकं झालं," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला आणि टीव्हीपुढे जाऊन बसला.

मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ. मग उठले, मेथी निवडायला घेतली.